जंगलाचा पडदा

पावस,
११ जानेवारी २०२६

आप्पा,

नमस्कार. बसून लिहायला धीर नाही, ओट्याशी उभी राहून लिहितेय, तेव्हा ओळी वाकड्या गेल्या तर हसू नका. पडदा मला मिळाला!

मालगुंडच्या चित्रशिबिरात तुम्हाला सांगितलं होतं ना, आमच्या वाडीचं नमन असतं म्हणून? शिमग्यात पालखी घरोघरी फिरून आली की देवळापुढे मांडव पडतो आणि नमनाचा खेळ होतो, रात्रभर गाणी आणि सोंगं. त्यातला जंगलाचा पडदा यंदा पेटीतून काढला, तर उंदरांनी त्याची पार चाळण केलेली. बैठकीत सगळे हळहळले. माझे धाकटे दीर नितेशभावजी वाडीच्या मुंबई मंडळाचे सेक्रेटरी, ते फोनवर होते. म्हणाले, "त्यात काय एवढं? फ्लेक्स छापून आणतो. सिंह, धबधबा, सगळं येतं त्यात." आणि मी, जी बैठकीत फक्त चहा द्यायला जाते, ती ट्रे हातात धरूनच बोलून गेले, "पडदा मी रंगवते."

मग आमच्या नमनात मुखवटा घालून संकासुराचं सोंग करणारे शिवाभाऊ म्हणाले, "रंगवंल की. लग्नाची मडकी तीच रंगवते हाय ना सगळ्यांची?" त्यावर हशा झाला, पण काम पदरात पडलं. ठरलं ते असं, की मुंबईकर शिमग्याला आले की माझा पडदा आणि त्यांचा फ्लेक्स दोन्ही समोर ठेवायचे आणि एकच टांगायचा.

आप्पा, मी वहीच्या पानाहून मोठं काही रंगवलेलं नाही. पण हा पडदा मला टांगलेला बघायचाय. मडकी रंगवणारी बाई म्हणून माझी हयात गेली, एकदा तरी चित्र काढणारी म्हणून गावाने बघावं, एवढंच. आणि सिंह मी काढणार नाही. आमच्याकडे कुणाच्या आज्याने तरी सिंह बघितला होता का? मी देवळामागची राई काढणार. ऐन, किंजळ, वर चढलेल्या वेली.

मांजरपाटाचं कापड आणून ठेवलंय. सुरुवात कशी करू, ते लिहा. फोन केला असता, पण फोनवर मी बोंबलायचं आणि तुम्ही "काय? काय?" करायचं. जहाजाच्या इंजिनाने तुमच्या कानांची वाट लावली ती लावलीच. तेव्हा पत्रच, आणि लवकर.

तुमची,
मृणाली


नाटे,
१८ जानेवारी

चि. मृणाली,

पत्र वाचून आनंद झाला. सुनेला, दिशाला, मोठ्याने वाचायला लावलं आणि मग मी पुन्हा वाचलं. ट्रे हातात धरून बोललीस ते फार आवडलं.

बाय, घाबरू नकोस. मी पहिल्यांदा जहाजाच्या अंगाला रंग मारायला फळीवर लोंबकळलो तेव्हा एवढं मोठं पोलाद बघून ब्रश सोडून दोन्ही हातांनी दोरच धरून बसलो होतो. आमचा सारंग, खलाशांचा मुकादम, वरून ओरडला, सगळं जहाज बघू नको, हात पोचतो तेवढंच बघ. तूही तेच कर.

आता कामाचं. कोरं कापड आधी चांगलं खळीत घाल. कडक उन्हात वाळव. मग सुताराकडून दोरी आण, गेरूत भिजवून सूत मार आणि चौकोन पाड. वहीतल्या चित्रावर तेवढेच चौकोन आख. एका चौकोनात जे आहे तेच दुसऱ्यात उतरव, झाड आहे की वेल आहे हा विचारच करायचा नाही. भुकटीचे रंग घे, त्यात सरस वितळवून घाल. वाळलेल्या रंगावर बोट घासून बघ, बोटाला रंग लागला तर सरस कमी.

लांबची झाडं हिरवी करू नकोस. समुद्रावरून येताना किनारा आधी निळा दिसतो, मग करडा. हिरवा दिसला म्हणजे आपण घरी आलो. जवळचं तेवढं हिरवं ठेव.

अधूनमधून डोळे बारीक करून बघत जा.

आशीर्वाद.
आप्पा


पावस,
२७ जानेवारी

आप्पा,

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी कामाला लागले. तुम्ही म्हणालात तसं कापड आधी खळ्यात घातलं. घरापुढचं सगळं खळं व्यापलं त्याने. सासूबाई म्हणाल्या, भात घालतात खळ्यात, चादर कोण घालतं? त्यांना म्हटलं, आप्पांची पद्धत आहे, जहाजावरची. उलटसुलट करून ऊन दाखवलं. चार कोपऱ्यांवर चिरे ठेवले, तरी वारा आत शिरायचा आणि कापड फुगायचं. मी आणि सासूबाई मांजरं पकडावीत तशा त्याच्यामागे धावत होतो.

सूत मारलं, चौकोन पाडले. त्या चौकोनांची युक्ती म्हणजे जादू आहे हो! पहिलं झाड उतरलं तेव्हा मी खळ्यातच नाचले. काथ्याचा कुंचा ठेचून घेतलाय, त्याने पानांचे घोस फार छान पडतात, तुम्हीही करून बघा.

पण एक आहे. कापड रंग पितं. किती पितं म्हणून सांगू? हिरवा लावते तेव्हा गडद असतो, जेवून येईपर्यंत फिका. कडा पसरतात. पुन्हा लावते, पुन्हा तेच. खालच्या शेणाच्या जमिनीवरसुद्धा राई उमटलीय. मोठ्या कापडाचं असंच असतं का? सोबत एक तुकडा रंगवून पाठवतेय, बघून सांगा.

रात्री डोळ्याला डोळा नाही. भाकरी थापताना चौकोन दिसतात. दुपारी जरा पाठ टेकली की वाटतं, ऊन फुकट चाललंय, आणि उठून बसते. बागेत मोहोरावर फवारणी चालू आहे, गड्यांचा चहा माझ्याकडे, दोनदा साखरेऐवजी मीठ पडलं. घरात कुणी माझ्याशी बोलत नाही सध्या, हे बरंच आहे.

आणि तुमची बोट कुठाय? शिबिरात म्हणाला होतात, लहानपणीचं वडिलांचं गलबत काढणार आणि मला पाठवणार. नुसतं मला शिकवताय. चित्र पाठवा, नाहीतर मी रुसेन.

मृणाली


नाटे,
२ फेब्रुवारी

चि. मृणाली,

बाय, थांब. खळ्यात नव्हे. खळीत! तांदळाची खळ करायची, पातळ, लुगड्याला देतात तशी, त्यात कापड बुडवायचं. म्हणजे धाग्यांची तोंडं बंद होतात आणि रंग वर राहतो. तू पाठवलेला तुकडा उलटा केला, तर मागेही तेच झाड. कोरं कापड रंग पिणारच.

पुढे रंगवू नकोस. उरलेल्या भागाला मागून खळ लावून बघ.

बोट चालू आहे.

आप्पा


पावस,
९ फेब्रुवारी

आप्पा,

तुमचं पत्र आज आलं. आज! पडद्याचा वरचा कोपरा सोडून सगळा रंगवून झाल्यावर.

मी तुमचं जुनं पत्र काढून परत बघितलं. अजूनही ते मला "खळ्यात" असंच दिसतं. सासूबाईंना दाखवलं, त्याही म्हणाल्या खळ्यात. तुमची वेलांटी म्हणजे पालीने शेपूट टाकावं तशी, कुठे पडेल नेम नाही. माणसाने दुसऱ्याला काम सांगायचं तर निदान वाचता येईल असं लिहावं. मला काय माहीत कापडाला खळ देतात? जुना पडदा उंदरांनी का खाल्ला ते आज कळलं, त्याला खळ होती म्हणून! पण हे मला कोण सांगणार? शिकलेय कुठे मी?

सगळं फिकं पडलंय. पुसलेल्या पाटीसारखं. राग आला आणि काल पुढच्या खोडांवर काळा रंग जाड थापला, हाताने, नुसता थापला. ती खोडं आता वेगळीच उठून दिसतात, बाकी सगळं धुकं. नितेशभावजींनी फ्लेक्सचा नमुना मोबाईलवर पाठवलाय. सिंह आहे, धबधबा आहे, धबधब्याखाली बदकं आहेत. आणि आप्पा, खरं सांगते, माझ्यापेक्षा तो बरा आहे. निदान हिरवा हिरवा आहे.

तुमचं बरं आहे. तुम्ही आयुष्यभर पोलादाला रंग मारलात, पोलाद काही पीत नाही. पुढे काय करू ते सांगा. नाहीतर नका सांगू.

मृणाली


नाटे,
१६ फेब्रुवारी

मृणालीताईंना दिशाचा नमस्कार.

आप्पा सांगताहेत आणि मी लिहितेय, म्हणून अक्षर वेगळं. ते म्हणतात:

"पडदा जमिनीवर ठेवून बघणं बंद कर. पडदा आडवा कोण बघतो? दोन बांबू पुर, आडवी काठी बांध, उभा टांग आणि लांब जा. देवळापुढे लोक बसतात तेवढी लांब. मग ठरव. जमलं नाही तर नाही जमलं, पण आधी उभा बघ. खळीची चूक माझी आहे, तू शिकलेली नाहीस हे मनात आणू नकोस."

एवढंच त्यांचं. आता माझं, आणि हे लिहू नको असं त्यांनी मला बजावलंय. ते आत गेलेत म्हणून लिहिते. ताई, आप्पांचा उजवा हात गणपतीपासून थरथरतो. डॉक्टरांनी कंपवात सांगितलाय. तुम्हाला पत्र लिहायचं तर सबंध सकाळ जाते, उजव्या हाताचं मनगट डाव्या हाताने धरून लिहितात. बोट चालू नाही. कागद काढतात, एक रेघ ओढतात, आणि फाडतात. तुमची पत्रं आली की मात्र माणूस वेगळा होतो. मागचं पत्र मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, वेलांटीचं आलं तिथे मी गाळणार होते, पण त्यांनी कागद हातातून घेतला आणि स्वतः वाचलं. तेव्हापासून पेन धरलेलं नाही.

तुम्हाला दुखवायला लिहीत नाही. माहीत असावं म्हणून.

दिशा


पावस,
२१ फेब्रुवारी

आप्पा,

मी मूर्ख आहे. तुमची माफी मागते, आणि दिशाला रागावू नका, तिने बरं केलं. मला आधी का नाही सांगितलंत? मी तुमच्याकडे चित्र मागत राहिले, आणि तुम्ही "चालू आहे, चालू आहे". तुमचं ते पत्र आता हातात घेतलं तरी मला रडू येतं. खरंच लाज वाटते मला.

पडदा उभा केला. खळ्यात दोन बांबू पुरले, शिवाभाऊंना हाताशी घेतलं. टांगला तेव्हा सकाळ होती आणि मी गेटापर्यंत लांब गेले. फिकाच. पुसलेला. शिवाभाऊ म्हणाले, "धुक्यातलं जंगल हाय, काय वायट नाय." ते माझी समजूत घालत होते हे कळत होतं. मी आत निघून गेले आणि भांडी आपटली.

चार वाजता सासूबाईंनी हाक मारली. नुसती "मृणाली" अशी, पण आवाज कसातरी. बाहेर आले. ऊन कलून पडद्याच्या मागे गेलं होतं. आप्पा, कसं सांगू? पूर्ण राई पेटली होती. रंग कापडात मुरलेला ना, त्यामुळे उजेड सरळ आरपार येत होता. जे फिकं होतं ते सगळं हिरवं-पिवळं, ओलं. मी रागाने थापलेली काळी खोडं पुढे उभी, आणि मागे लांब ती तुमची निळी झाडं. एवढ्यात शिवाभाऊ बांबू सोडवायला पडद्यामागे गेले, तर जंगलात माणूस चालताना दिसला! नुसती सावली. सासूबाईंनी तोंडावर पदर घेतला.

खळ दिली असती तर हे झालं नसतं. फ्लेक्सच्या मागे कितीही उजेड करा, सिंह आपला तिथेच.

पण आता वेगळीच धाकधूक. मुंबईकर येऊन बघणार ते दिवसाउजेडी, सभामंडपात. तिथे तो पुन्हा पुसलेल्या पाटीसारखा दिसणार. मागून फोकस लावून बघा म्हटलं तर ऐकतील का? नितेशभावजी म्हणतील, वहिनी, पडद्याला लाईट मागून लावतात का कधी? मी दिवसभर हेच बोलणं मनात घोळवतेय. त्यांची उत्तरंही मीच देते आणि भांडण हरते.

तुम्ही या. दिशाला घेऊन या. पहिल्या रांगेत दोन खुर्च्या धरून ठेवते.

मृणाली


पावस,
८ मार्च

आप्पा,

तुम्ही आलात आणि गाडी थांबलीय म्हणून न भेटता निघालात, मला मागाहून कळलं. मी पडद्यामागे होते. सगळा वेळ.

निकाल सांगते. बैठकीत व्हायचं तेच झालं. दिवसा पडदा बघून लोक लगेच फ्लेक्सकडे वळले. नितेशभावजी फार सभ्यपणे म्हणाले, "वहिनी, मेहनत दिसते." मेहनत! मी फोकस म्हटलं, तर म्हणाले तेवढ्यासाठी कुठे वायरिंग बदलायचं. मी उठून जाणार होते. पण शिवाभाऊ म्हणाले, "संकासुराची एंट्री मी वयनीच्या पडद्यातनं करनार. फ्लेक्समधनं नाय येनार." एवढं बोलून ते विडी ओढायला बाहेर गेले. संकासुराशिवाय नमन कसलं? शेवटी तडजोड झाली. सगळ्या नमनाला फ्लेक्स, आणि संकासूर येतो तेवढ्यापुरता माझा पडदा. आणि फोकस धरायला वायरमन मिळाला नाही, म्हणून मीच मागे स्टुलावर उभी.

आप्पा, मी माझाच पडदा टांगलेला समोरून बघितला नाही. मला दिसलं ते उलटं झाड आणि शिवाभाऊंची पाठ. मृदंगाने कान बंद, धड काही ऐकू आलं नाही. फोकस इतका तापला की मी पदराने धरला. संपल्यावर लगेच पडद्यापुढे पुन्हा फ्लेक्स सोडला आणि रावणाचं सोंग सुरू झालं.

विचारलं सगळ्यांना. सासूबाई म्हणाल्या, छान होतं. पण त्या माझ्या कढीलाही छान म्हणतात. नितेशभावजी म्हणाले, "लाईट इफेक्ट मस्त." शिवाभाऊ मुखवट्यातून काय बघणार? दोन दिवस मी पडदा घडी करते, उलगडते, पुन्हा घडी करते. हे चित्र होतं, की उजेडात धरलेलं फडकं? तुम्ही पुढे बसला होतात. तुम्ही खोटं बोलणार नाही. बोट चालू आहे एवढं एक बोललात, ते मी धरत नाही. सांगा.

मृणाली


नाटे,
१५ मार्च

चि. मृणाली,

हे मीच लिहितोय. दिशा म्हणाली, मी लिहिते, तिला नको म्हटलं. अक्षर मोठं काढतोय, एका पानावर थोड्याच ओळी मावतात, पण तुला वाचता येईल.

खरं विचारलंस, तर ऐक. उजवीकडचा किंजळ फसलाय. पानं सगळी एका मापाची काढलीस, तिथे तू कंटाळा केलास. झाडांच्या बुंध्याशी जमीन नाही, झाडं अधांतरी उभी आहेत. पुढच्या वेळी आधी जमीन कर.

आता बाकीचं. मला गाणं ऐकू येत नाही. खुर्चीवर हात ठेवला की मृदंग थोडा हाताला लागतो, तेवढाच. म्हणून मी नमनाला गेलो की खुर्ची जरा तिरकी करून माणसांची तोंडं बघत बसतो. फ्लेक्स होता तोवर सगळी तोंडं चालू होती. माझ्या शेजारचा गृहस्थ मागे वळून कुणाशी तरी भांडत होता. बायका गप्पा मारत होत्या, पोरं खात होती. मग पुढचे दिवे गेले आणि तुझी राई उजळली. मी पडद्याकडे नंतर बघितलं, आधी माणसांकडे.

तोंडं मिटली, बाय. एकेक करून नाही, सगळी एकदम. शेजारच्याचं भांडण अर्धं राहिलं, त्याचा हात तसाच वर. तुझा दीर कोण ते दिशाने शेजारी विचारून मला दाखवलं. तो मोबाईलवर शूटिंग करत होता. त्याने मोबाईल खाली घेतला आणि नुसता बघत राहिला. संकासुराची सावली खोडांमधून पुढे आली तेव्हा तो दोन पावलं मागे सरकला, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. तो तुला सांगणार नाही.

मग मी वळून पडद्याकडे बघितलं. मला रडू आलं. वयाने असेल, पण आलं. ते चित्र होतं. मी आयुष्यात पुष्कळ रंग मारले, चित्र माझ्याकडून झालं नाही, म्हणून मला ते ओळखता येतं.

दिशाने तुला सांगितलं ते बरं झालं. लहान कागदावर आता माझा हात बसत नाही, रेघ कागदाबाहेर जाते. पण तुझ्याकडून आल्यापासून मी पडवीतल्या भिंतीकडे बघत बसतो. एवढ्या लांबीत हात थोडा इकडेतिकडे झाला तर कुणाला कळणार आहे? दिशाला वाटतं मला काहीतरी होतंय. काही होत नाही. तू मांजरपाट कुठल्या दुकानातून घेतलास आणि पन्हा किती रुंद होता, ते उलट टपाली कळव. गलबत मोठं काढायचं आहे.

आप्पा